ओठ नसलेलं रीळ

मी आजवर एकतीस वेळा मेलेय. पाण्यात अकरा वेळा, कड्यावरून पडून सहा, आगीत चार, बाकी किरकोळ. बाहेरचा पिक्चर आपल्या भाषेत आणायचा तर पडद्यावरच्या माणसाच्या तोंडी आपला आवाज घालावा लागतो, आणि ते माझं पोटापाण्याचं काम. पण माझ्या वाट्याला येते ती हिरॉइनची मैत्रीण, नाहीतर हिरोची पहिली बायको. दोघीही मध्यंतराच्या आत खलास. संवाद चार आणि श्वास चारशे. धापा टाकणं, गुदमरणं, किंचाळायच्या आधी आत ओढलेला तो एक झटका, हे माझ्याइतकं चोख कोणाला जमत नाही, म्हणून स्टुडिओत माझं नाव धापताई पडलं. घरी गेल्यावर आई चहा पुढे ठेवून विचारते, "आज कशानं गेलीस?" मी सांगते, आणि ती मान डोलावते. अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, पण माझा एकही मृत्यू तिनं चुकवलेला नाही.

आता खर्जांबद्दल सांगते, कारण घोडं तिथंच पेंड खातंय.

खर्ज म्हणजे आमच्याकडचा हिरोंचा आवाज. वय अठ्ठावन्न, केस गेलेले, चष्मा जाड, पण माइकपुढे उभे राहिले की पंचविशीतला पोरगा बोलतोय असं वाटतं. बायको जाऊन बारा वर्षं झाली. बावीस वर्षांत मी त्यांच्या मिठीत आठ वेळा जीव सोडलाय आणि एकदाही आम्ही एका खोलीत उभे नव्हतो. आमच्याकडे रीतच तशी. आज एकानं यायचं, काचेच्या खोलीत एकट्यानं बोलायचं, उद्या दुसऱ्यानं यायचं, पहिल्याचा आवाज कानावरच्या हेडफोनमधून ऐकायचा आणि त्याला उत्तर द्यायचं. त्यामुळे आमची खरी भेट म्हणजे जिन्यात. मी उतरताना ते चढत असायचे. अख्खा स्टुडिओ मला धापताई म्हणतो, हे एकटेच ताई लावत नाहीत. नुसतं "अहो" म्हणतात. त्या एका अहोवर मी सहा वर्षं किती मजले चढवलेत ते माझं मला ठाऊक. एकोणपन्नासाव्या वर्षी लाज वाटायला हवी खरं तर, पण नाही वाटत, काय करू?

तर हे खर्ज निघाले होते. लेकीकडे, दुसऱ्या गावी, कायमचे. "बाबा, एकटे किती दिवस राहणार?" म्हणून तिनं धोशा लावला आणि यांनी हो म्हटलं. शनिवारी सकाळी दहा दहाची बस, तिकीट हातात. हा गुहेचा पिक्चर शेवटचा. मला हे त्यांनी जिन्यातच सांगितलं, आणि मी काय म्हटलं असेल? "वा, छान, हवापालट होईल." बोलेल त्याची बोरं विकतात म्हणतात. इथे माझी टोपलीच्या टोपली सडत होती आणि मी हवापालटाच्या गप्पा मारत होते.

पिक्चरची गोष्ट सोपी. तीन पाणबुडे एका पाण्यानं भरलेल्या गुहेत शिरतात. आत काळोख, वाटा वाकड्यातिकड्या, म्हणून गुहेच्या तोंडापासून एक दोरी बांधत न्यायची आणि परतताना ती धरून यायचं. दोरी सुटली की संपलं. दरड कोसळते, टाकीतली हवा संपत येते, तिसरा आत अडकतो. मग हिरो त्याला आणायला मागे जातो आणि हिरॉइन दोरीला लोंबकळत थांबते. या वेळी ज्या बाईंना हिरॉइनचा आवाज द्यायचा होता त्यांचा घसा बसला आणि ती हिरॉइन आली माझ्याकडे. आईला सांगितलं की मी या पिक्चरमध्ये शेवटपर्यंत जगते, तर ती म्हणाली, काहीतरी चुकलं असेल, नीट विचारून ये.

सोमवारी माझं रेकॉर्डिंग होतं. काचेपलीकडे दोघं. एक आमची डायरेक्टर, जिच्या गळ्यात कायम स्टॉपवॉच लटकतं म्हणून ती घड्याळबाई. तिचा धर्म म्हणजे ओठ. झालेलं काम तपासताना ती आधी आवाज बंद ठेवते आणि पडद्यावरचे ओठ कधी उघडतात, कधी मिटतात ते बघत आवाजाची पट्टी जुळवते. ओठ मिटल्यावर अर्धं अक्षर जरी सांडलं तरी पुन्हा. दुसरा रेकॉर्डिस्ट, त्याला आम्ही कानसेन म्हणतो. त्याला आवाज ऐकू येतो, शब्द ऐकू येत नाहीत. प फुटला का, थुंकी वाजली का, पोट गुरगुरलं का, एवढंच. एकदा मी परीक्षा म्हणून संवादाच्या जागी किराणा मालाची यादी वाचली होती, तर तो म्हणाला, "तूरडाळीला जरा माइकपासून लांब व्हा." म्हणजे तो शब्द ऐकला त्यानं, पण त्यात वावगं काही वाटलं नाही.

पाणबुड्यांच्या तोंडावर पूर्ण चेहरा झाकणारे मुखवटे होते आणि ते आतल्या रेडिओवरून बोलत होते. तसा कोंदट आवाज यावा म्हणून मी घरून आईचा साखरेचा प्लास्टिकचा डबा आणला होता, बुडाला भोकं पाडून. साखर एका पातेल्यात ओतून ठेवली होती आणि त्यावरून सकाळीच घरात एक युद्ध झालं होतं. तो डबा नाकातोंडावर धरायचा आणि आत श्वास घ्यायचा. शेवटचं रीळ अठरा मिनिटांचं, सगळं मुखवट्यांतलं, आणि माझ्या कागदावर वरपासून खालपर्यंत एकच शब्द: श्वास, श्वास, वेगानं श्वास, अजून वेगानं.

तुम्ही कधी साखरेच्या डब्यात सहा मिनिटं सलग धापा टाकल्यात का? टाकू नका. आधी बोटांना मुंग्या येतात, मग डोकं फुग्यासारखं हलकं होतं आणि मग सगळं जग विनोदी दिसायला लागतं. माइक विनोदी, कागद विनोदी, कानसेनचं नाक तर फारच. घड्याळबाई फोन आला म्हणून बाहेर गेली होती. पडद्यावर हिरो हिरॉइनचा हात सोडवून मागे वळला. कागदावर माझं वाक्य होतं, "जाऊ नकोस. हवा पुरणार नाही." मी तोंड उघडलं आणि साखरेच्या डब्यातून निघालं ते असं:

"जाऊ नका हो. शनिवारी जाऊ नका. मला करमणार नाही."

आली लहर, केला कहर. क्षणभर मी स्वतःच घाबरले आणि मग हसत सुटले, इतकी की डबा हातातून पडला. भानावर आल्यावर कानसेनला म्हटलं, बाबा, तो टेक पूस, चुकलं माझं, परत घेऊ. तो म्हणाला, घेऊ की. मग मी तेच कागदाप्रमाणे, शहाण्यासारखं केलं. त्यानं अंगठा दाखवला. घड्याळबाई आली, तिनं विचारलं, झालं? आम्ही म्हटलं, झालं.

फक्त एक श्वास राहिला. शेवटी हिरॉइन दोरी धरत धरत पाण्यावर येते, मुखवटा ओढून काढते आणि पहिला श्वास घेते, तो. तो मला जमेना. बारा टेक झाले. घड्याळबाई म्हणत होती की हा श्वास खोटा आहे, ही बाई गुहेतून आलीय, तुम्ही तिसऱ्या मजल्यावरून खाली आल्यासारखं घेताय. खरं होतं तिचं. अकरा वेळा बुडायची सवय, वर यायची कुठून असणार? शेवटी ती म्हणाली की तेवढी जागा कोरी ठेवू, शुक्रवारी सगळ्यांना दाखवून झालं की पुन्हा घेऊ. मी घाईत डबा तिथेच विसरून घरी आले. आईनं विचारलं, "आज कशानं गेलीस?" म्हटलं, लाजेनं. तिला वाटलं हा काहीतरी नवा रोग आहे.

मंगळवारी खर्जांचं रेकॉर्डिंग झालं, काचेपलीकडे एकटा कानसेन. बुधवारी मी दुसऱ्या एका कामासाठी जिना चढत होते आणि ते वरून उतरत होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा उलटं. हातात माझा डबा, धुऊन पुसून लख्ख. त्यांनीही मुखवट्यासाठी तोच वापरला होता, कानसेननं दिला म्हणे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते, काही कळतंय का म्हणून. छे. चष्मा पुसला, पुन्हा घातला, आणि ते म्हणाले, "अहो, शुक्रवारी याल ना? या वेळी शेवटच्या रिळापर्यंत बसा." म्हटलं, बसेन की. आणि ते गेले. मी मध्यंतराला मरते आणि निघून येते हे त्यांना ठाऊक होतं, याचा आनंद मला दोन पायऱ्या पुरला. तिसऱ्या पायरीवर कळलं की हा निरोप होता. शेवटचं काम, शेवटपर्यंत बसा, नमस्कार. घरी येऊन मी डब्यात साखर भरायला गेले आणि बुडाच्या भोकांतून ती सगळी ओट्यावर आली. आईनं न भांडता पातेलं पुढे केलं, म्हणजे माझा चेहराच तसा असणार.

शुक्रवारी अकरा वाजता स्टुडिओच्या छोट्या थिएटरात पिक्चर लागला. चाळीस खुर्च्या, वीस माणसं. पुढे घड्याळबाई, तिच्या बाजूला पिक्चर विकत घेणारे दोन साहेब, मागे खर्ज, भिंतीपाशी कानसेन. मी आणि आई मधल्या रांगेत, आत, भिंतीच्या टोकाला, पिशवीत डबा, पुन्हा लागला तर म्हणून. मध्यंतर झालं आणि मी जिवंत होते. आईनं माझा हात दाबला. तिचा अजून विश्वास बसत नव्हता.

शेवटचं रीळ सुरू झालं. काळोख, बुडबुडे, टॉर्चचा ठिपका, आणि माझा श्वास. मी कानसेनकडे वळून बघितलं तर तो खुशीत डोळे मिटून ऐकत होता. हा श्वास मी ओळखत होते. दुसऱ्या, शहाण्या टेकमध्ये माझी बोटं ठिकाणावर होती. हा पहिल्या टेकचा होता. नंतर त्याला धरलं तेव्हा म्हणाला, पुसायचा काय, त्यात श्वास खरा होता, दुसऱ्यात नव्हता. आणि घड्याळबाईनं ते रीळ आवाज बंद करून बघितलं होतं, तर ओठच नव्हते. सगळे मुखवटे. जुळवायला काही नाही म्हणून तिनं अठरा मिनिटं एका सहीत पास केली होती.

हिरोनं हात सोडवला. मी खुर्चीत शक्य तेवढी खाली घसरले. आणि गुहेच्या पोटातून, सहा स्पीकरमधून, माझा आवाज म्हणाला, "जाऊ नका हो. शनिवारी जाऊ नका. मला करमणार नाही."

दोन साहेबांपैकी एकानं दुसऱ्याला विचारलं की शनिवारी काय आहे. दुसरा म्हणाला, बचाव पथक येणार असेल. घड्याळबाईचं स्टॉपवॉच टपकन खाली पडलं. मला हसू यायला लागलं, आतून, उकळी फुटल्यासारखं, थांबता थांबेना. म्हणजे त्यांनी मंगळवारी हे ऐकलं होतं. हेडफोन लावून, कानाच्या अगदी आत. आणि बुधवारी जिन्यात डबा देऊन गेले होते, बस. उत्तर तर मिळालंच की मग. पळायला हवं होतं. मी उठले. आईचे गुडघे ओलांडून निघाले तर तिनं बाही धरली आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "बस खाली. पहिल्यांदा वाचतेयस, बघू दे मला." मी बाही सोडवून दोन खुर्च्या पुढे सरकले.

तेवढ्यात पडद्यावरचा हिरो वळला. मुखवटा, काच, काचेत टॉर्चचा उजेड. कागदावर त्याचं वाक्य होतं, "दोरी सोडू नकोस. मी येतो." मला पाठ होतं ते. आणि त्या मुखवट्यातून, आईच्या साखरेच्या डब्यातून, तो खर्ज आला, सावकाश, एकेक शब्द चाचपत.

"आज संध्याकाळीच तिकीट परत करतो. अहो, दोरी तेवढी सोडू नका."

मी तिथल्या तिथे थांबले. एक गुडघा कोणाच्या तरी खुर्चीवर, एक पाय हवेत. पडद्यावर हिरो काळोखात गेला, हिरॉइन दोरी धरून वर सरकायला लागली, हात, हात, पुन्हा हात. मी मागे वळून बघितलं नाही. बघायची हिंमत नव्हती. मंगळवारी संध्याकाळी. म्हणजे बुधवारी जिन्यात भेटले तेव्हा तिकीट त्यांच्याकडे नव्हतंच. माइकपुढे उभं राहिल्याशिवाय या माणसाला दोन वाक्यं बोलता येत नाहीत, म्हणून त्यानं माझं उत्तर गुहेत ठेवलं आणि मला म्हणाला, शेवटच्या रिळापर्यंत बसा. आणि मी पळत होते. आई म्हणत होती की गुहेत तिकीट कसलं, आणि साहेब तिला समजावत होते की परतीचं असेल.

हिरॉइन पाण्यावर आली. मुखवटा ओढून काढला. तोंड उघडलं. ही जागा कोरी होती, आवाज नव्हता, अख्ख्या थिएटरात चिडीचूप. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मघापासून मी श्वासच घेतलेला नाही. छाती फुटायची वेळ आली होती. मी तो घेतला.

काय आवाज झाला म्हणून सांगू. तळातून आला, घशात अडकला, फाटला, आणि शेवटी त्यात हसू होतं, किंवा रडू, मला नाही सांगता येणार. पडद्यावर ओठ उघडले तेव्हा तो सुरू झाला आणि ओठ मिटले तेव्हा संपला.

दिवे लागले. घड्याळबाई उभी राहून माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता शनिवारवरून माझी चंपी होणार. ती म्हणाली, "जुळला." मग कानसेनकडे वळून तिनं विचारलं की घेतलास का, आणि त्या देवमाणसानं खिशातला छोटा रेकॉर्डर वर करून दाखवला. सवयच आहे त्याला, दार करकरलं तरी टिपून ठेवतो.

शनिवार अर्थात पिक्चरमध्ये राहिला नाही. साहेबांना तो आवडला होता, पण घड्याळबाईनं आम्हा दोघांनाही झापलं आणि चहासुद्धा पिऊ न देता काचेच्या खोलीत ढकललं. दोघांना एकदम, बावीस वर्षांत पहिल्यांदा. खोली एका माणसाची, माइक एक, डबा एक. मी डब्यात "जाऊ नकोस" म्हणायचं, मग डबा त्यांच्याकडे द्यायचा, त्यांनी "दोरी सोडू नकोस" म्हणायचं. एवढंच. नऊ टेक लागले. आधी मी हसले, मग ते हसले, हिरोच्या नव्हे, स्वतःच्या आवाजात, आणि तो आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. बारीक आहे, जरासा चिरकतो. सातव्या टेकला कानसेननं सांगितलं की हसणं फुटतंय, माइकपासून लांब व्हा. आम्ही लांब झालो, पण एकमेकांपासून नाही.

शनिवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी खर्ज आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसले होते. त्यांनी येताना नवीन डबा आणला होता, काचेचा, बिनभोकाचा, आणि आई त्यात पातेल्यातली साखर भरत त्यांना माझे पाण्यातले मृत्यू क्रमानं सांगत होती. त्यांना सगळे माहीत होते, तरी ऐकत होते. पाचव्याला त्यांच्या लेकीचा फोन आला. बाबा, तिकीट परत केलंत, कारण नाही सांगितलंत, काय चाललंय, असं ती विचारत असावी, कारण यांनी नुसतं हं हं केलं, चष्मा काढला, घातला आणि फोन सरळ माझ्या हातात दिला.

आता बोल ना. एकतीस मरणं बोलून दाखवलेली बाई मी, पण एक शब्द फुटेना. पलीकडून लेक हॅलो, हॅलो करत होती आणि मी फोन कानाला लावून नुसती धापा टाकत उभी. तिनं बाबांना बोलावलं. आई पुढे झाली आणि तिनं स्पीकर चालू केला.

"बाबा, बोलत कोणीच नाहीये. नुसता श्वास ऐकू येतोय."

"हो," खर्ज म्हणाले, "त्याच त्या. मी तुला सांगत होतो ना."